सरूची साक्ष

वावटळीने प्रार्थनेच्या मांडवाचा मधला खांब उचलला, आणि बारकी पोरं आत राहिली. आम्ही मोठी माणसं कधीच बाहेर पळालो होतो. माझी जाऊ सरू तेवढी खांबाला मिठी मारून लोंबकळत होती.

"पळ की गं, मरशील," मी ओरडले.

"पोरं निघू दे आधी."

शेवटचं पोर निघालं तेव्हा कुठे तिने बाहेर उडी घेतली, आणि मांडव कोसळला.

पाळकसाहेब म्हणाले, "सरूबाई, आता तरी साक्ष द्या." देवाने काय केलं ते उठून सांगायची वेळ आली की ही दर रविवारी मान खाली घालते.

"साक्ष कसली? हात भरून आलेत. चहा द्या."

अहो, हीच तर साक्ष! आम्ही इतकी वर्षं नुसती तोंडाने देत होतो. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

सगळी पोरं वाचली. सरूही वाचली.