अजूनबाईंची एक चप्पल

आपल्या संशोधनात काहीही सापडलेले नाही, ही गोष्ट ताठ मानेने सांगणारी एकच व्यक्ती मी माझ्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात पाहिली. कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात त्या पदार्थविज्ञान शिकवीत. तास संपला की कोणी ना कोणी विद्यार्थी विचारीच, "मॅडम, सापडलं का?" बाई हातावरचा खडू झटकून म्हणत, "अजून न्हाय." त्या उत्तरात खंत नसे. एसटी उशिरा येईल, पण येईल, अशी खात्री असलेल्या माणसाचा तो स्वर असे. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव 'अजूनबाई' ठेवले. ते कानावर आले तेव्हा बाई म्हणाल्या, "बरोबर हाय. 'नाहीबाई' ठेवलं असतं तर प्राचार्यांकडं गेले असते."

काय सापडलेले नव्हते, ते प्रथम नीट समजून घेऊ. जग कणांचे बनलेले आहे. बाईंचा विषय असलेल्या स्ट्रिंग थिअरीनुसार हे कण म्हणजे मुळात अतिसूक्ष्म तंतूंची कंपने होत. हे गणित जुळण्यासाठी लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चार मिती पुरत नाहीत, दहा लागतात. या गणिताशी सुपरसिमेट्री, म्हणजे महासममिती, ही दुसरी कल्पना निगडित आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक जातीच्या कणाला एक जोडीदार कण असतो. तो बहुधा फार जड असल्यामुळे युरोपातील जमिनीखालच्या अवाढव्य यंत्रातही दिसलेला नाही. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही.

बाई मूळच्या गारगोटीच्या. वर्गात त्या छापील मराठी बोलत. वर्गाचा उंबरा ओलांडला की गारगोटी सुरू होई. खोटे मात्र त्या दोन्ही भाषांत बोलत नसत, आणि त्याचा इतरांस फार त्रास होई. एकदा वार्षिक साठा पडताळणीसाठी आमचे प्रयोगशाळा सहायक सलीमचाचा त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारले, "बाई, तुमच्या खोलीत काय काय हाय, बोला. लिहून घेतो."

"फळा एक, खुर्ची एक, मिती दहा."

"दहाच्या दहा दाखवा."

"चार दिसतात. सहा लई बारीक गुंडाळल्यात."

सलीमचाचांनी तीस वर्षे रजिस्टर चोख ठेवले होते. त्यांनी शांतपणे नोंद केली: 'मिती. नोंद १०. प्रत्यक्ष ४. गहाळ ६.' त्यावर कार्यालयाने बाईंकडून लेखी खुलासा मागविला. बाईंनी अकरा पानी खुलासा दिला आणि सोबत गणित जोडले. तो समाधानकारक आहे असा शेरा मारून कार्यालयाने प्रकरण बंद केले. तो कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही.

रोज अकरा वाजता बाई स्वतःचा कप घेऊन इतर विभागांत फिरत. वनस्पतिशास्त्राचे सर आजऱ्याच्या तांदळाच्या वासावर काम करीत, प्राणिशास्त्राच्या मॅडम गोगलगाई पाळीत, आणि मी रसायनशास्त्रात गुळाचा रंग उजळण्यासाठी भेंडीच्या रसाचे प्रयोग करीत असे. बाई सर्वांचे मन लावून ऐकत. एके दिवशी त्यांना कळले की गोगलगाईत नर आणि मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. बाईंचा कप हवेत थांबला.

"म्हंजे जोडीदार आतच बसलाय? हे आमच्यातल्या कुणाला सुचलं कसं न्हाय?"

पुढील तीन दिवस त्या कोणाला दिसल्या नाहीत. चौथ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "जमत न्हाय. पण मॅडम, तुमची गोगलगाय हुशार हाय."

आता मूळ प्रसंगाकडे येतो. बाईंच्या खोलीत भिंतभर काळा फळा होता, आणि त्यांचे सारे काम त्या फळ्यावर चाले. कागदावर विचार आखडतो, असे त्या म्हणत. दुर्दैवाने त्या खोलीला धुराडे होते, आणि मला रस उकळण्याची माझी मोठी कढई, म्हणजे काहील, ठेवण्यासाठी धुराड्याची खोली हवी होती. मी संस्थेकडे अर्ज केला. तो नियमानुसार होता. तो करताना मला बाईंच्या डोळ्यांकडे पाहवले नाही, हेही नमूद करतो. संस्थेच्या अध्यक्षांनी उत्तर पाठविले की विज्ञान प्रदर्शन पाहून, ज्याचे संशोधन लोकांच्या उपयोगाचे त्याला खोली देऊ.

प्रदर्शनात मी गुळाचे चौकोनी खडे मांडले आणि 'चव घ्या' अशी पाटी लावली. हे न्याय्य नव्हते. बाईंच्या टेबलावर लाल कापड होते आणि त्यावर एक जुनी कोल्हापुरी चप्पल. एकच. पाटीवर लिहिले होते: 'हिचा जोड असावा असे गणित सांगते.'

ती चप्पल बाईंनी जुन्या बाजारातून एकटीच विकत आणली होती. "स्वतःची ठेवली असती तर उत्तर मला आधीच ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "ते प्रयोगात बसत न्हाय."

दुपारपर्यंत गुळाची चव घेऊन लोक तिकडे जाऊ लागले. कोल्हापुरात एक चप्पल दिसली की मनुष्य स्वस्थ बसू शकत नाही. कोणी टेबलाखाली वाकून पाहिले. कोणी सलीमचाचांना दटावले, "पावणं, एका बाईची चप्पल सापडंना तुमाला?" सलीमचाचा म्हणाले, "आमच्याकडं सहा मिती गहाळ हायत. चपलंचं काय घेऊन बसलाय!"

तेवढ्यात नातीचा प्रयोग बघायला आलेले एक वृद्ध चप्पल कारागीर पुढे आले. त्यांनी न विचारता चप्पल उचलली, उलटी केली आणि टाचेवरून अंगठा फिरवला.

"ही डावी. हिला उजवी व्हती."

"कशावरनं?" बाई म्हणाल्या. "मालक एका पायाचा असंल तर?"

"न्हाय."

"तुमी उजवी बघितलीसा?"

"बघायला कशाला पायजे? एका पायाच्या माणसाचा सगळा भार हिच्यावर आला असता. मग चवडा आधी गेला असता. हितं टाच झिजलीया, ती बी भाईरच्या अंगानं. निम्मा भार दुसरीनं घेतलाय, बाई. ती कुठं हाय ते मला ठावं न्हाय. पर व्हती."

 बाईंनी चप्पल हातात घेतली, स्वतःचा अंगठा टाचेवर फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, आमी बी हेच करतोय. फकस्त आमाला अजून टाच नीट दिसत न्हाय." आजोबांनी समजुतीने मान हलवली आणि चष्म्याच्या एका दुकानाचा पत्ता सांगितला.

एवढ्यात अध्यक्षसाहेब आले. गर्दी पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"वा, बाई! चर्मोद्योगावर संशोधन! असंच पायजे. खोली तुमची! चप्पल संशोधन केंद्र म्हणून पाटी लावा."

माझ्या तोंडातला गूळ कडू झाला. बाईंनी नुसती मान हलवली असती तर फळा कायमचा त्यांचा होता. सभोवतीचे सर्वजण ती हलण्याची वाट पाहत होते, मीही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ह्याचा चपलेशी काई संबंध न्हाय."

"मग कशाशी हाय?"

"विश्वाशी."

"ते आपल्या जिल्ह्यात येतंय का?"

बाईंनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "थोडं येतंय. बरंचसं भाईर हाय."

खोली मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी काहील घेऊन गेलो, तर बाई फळ्यापुढे स्टुलावर बसलेल्या. "गुळवाले, खोली तुमची. भिंत कुणाची ते पत्रात लिवलंय का?" मी पत्र पुन्हा वाचले. भिंतीचा उल्लेख नव्हता. मी काटेकोर मनुष्य आहे. पत्रात जे नाही ते मी घेत नाही. अशा रीतीने पुढील नऊ वर्षे आम्ही एका खोलीत काम केले. खाली रस उकळे, वर विश्व. फळ्यावर गुळाच्या वाफेचा चिकट थर बसे आणि त्यावर मुंग्या येत. एकदा मुंग्यांची छोटी आडवी रांग बाईंनी उणे चिन्ह समजून गणितात धरली आणि दोन दिवस वाया घालविले. तिसऱ्या दिवशी उणे चिन्ह खिडकीकडे चालू लागले तेव्हा उलगडा झाला. बाई एवढ्या हसल्या की स्टूल कलंडले. पाकाला ताव आलेला मात्र माझ्या आधी त्यांना वासावरून कळे. "उतरवा," असे त्या पाठमोऱ्याच म्हणत, आणि त्यांचे कधी चुकले नाही.

गेल्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि गारगोटीला भावाकडे गेल्या. निरोपाला त्यांनी भाषण केले नाही. जाताना काहिलीतला एक खडा तोंडात टाकून म्हणाल्या, "रंग सुधारलाय." माझ्या संशोधनाला मिळालेला हा सर्वात विश्वासार्ह अभिप्राय होय.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. काहिलीत रस उकळत ठेवला, आणि मी डस्टर हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो. हात उचलवेना. शेवटी बाईंना फोन लावला आणि विचारले, "बाई, पुसू का?"

"पुसा की! तिसऱ्या ओळीत चूक हाय. हितं आल्यावर ध्यानात आलं."

"कोणती चूक?"

"शोधा की, गुळवाले! डोळं हायत न्हवं?" त्यांनी फोन ठेवला.

मला त्या गणितातले अक्षरही कळत नाही. तरी मी स्टूल ओढले आणि एकेक चिन्ह वहीत उतरवीत तिसरी ओळ वाचू लागलो. चार वाजता करपल्याचा वास आला. काहिलीतला पाक काळा ठिक्कर पडला होता, आणि 'उतरवा' म्हणणारे खोलीत कोणी नव्हते.