पडद्यावर न आलेली फुले

सभेचा क्रम मोडू नये, असे शाळेपासून माझ्या मनावर बिंबलेले होते. म्हणूनच सांगलीच्या महाविद्यालयात मी शिकवू लागल्यावर तिथल्या विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन माझ्याकडे आले असावे.

त्या वर्षी मी व्याख्यानाला साताऱ्याच्या माझ्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना बोलावले. पठारावरच्या रानफुलांच्या रंगीत स्लाइड्स त्यांनी अनेक पावसाळे हिंडून तयार केल्या होत्या. स्लाइडवरचे नखाएवढे चित्र प्रोजेक्टरखेरीज नीट दिसत नाही, आणि त्यांच्या महाविद्यालयात प्रोजेक्टर नव्हता. आपलीच फुले त्यांनी पडद्यावर कधी पाहिली नव्हती. एसटीतून उतरताच त्यांनी विचारले ते यंत्राविषयी. आमचे यंत्र उत्तम चालते, असे मी अभिमानाने सांगितले.

ते वीजकपातीचे दिवस होते. पाचला वीज जाई. म्हणून व्याख्यान चारला ठेवले होते. परंतु अध्यक्ष आल्याशिवाय आरंभ करायचा नाही, ही आमची रीत. अध्यक्ष साखर कारखान्याचे संचालक होते. ते आष्ट्याहून आले तेव्हा अर्धा तास उलटला होता. टेबलावरचा हार पाहून ते मला म्हणाले, "आवं प्राध्यापक, फुलावरचं भाषण हाय न्हवं? मग हार एवढासाच?" सभागृह हसले. मीही हसलो, आणि मोठा हार आणायला शिपायाला पिटाळले.

मग ईशस्तवन, स्वागतगीत, परिचय. सर मांडीवर स्लाइड्सचा डबा धरून बसले होते. शाल-श्रीफळ घेताना त्यांनी तो डबा काखेत धरला. मी घड्याळ पाहत होतो. स्वागतगीताचे एक कडवे, अध्यक्षांचे मनोगत, काहीही मला थांबवता आले असते. मी क्रमानेच पुढची नावे पुकारत राहिलो.

अखेर सरांनी पहिली स्लाइड यंत्रात सरकवली, आणि पंखे थांबले.

आम्ही खिडक्यांवरचे काळे पडदे काढले, आणि सर थोडा वेळ तोंडीच बोलले. गावोगावची मुले एसटीच्या वेळेमुळे एकेक करून उठून गेली.

मी सरांना सोडायला गेलो, तेव्हा एसटी स्थानकावर त्यांनी एक स्लाइड मावळत्या उन्हासमोर धरली. "दिसतंय?"

"हो, सर." मला जांभळा ठिपका तेवढा दिसला होता.

ती डब्यात ठेवत त्यांनी विचारले, "पडदा केवढा होता रे?"

मी दोन्ही हात पसरले. सर त्या मधल्या जागेकडे पाहत राहिले, आणि हात खाली घेण्याचे मला धैर्य होईना.