बिनपिकाचं मचाण

मी जमीन घेतली ती बसण्यासाठी. हे आमच्या भागात मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून आधी इथेच लिहून टाकतो.

राजेगावच्या रस्त्यावरून आत वळलं की बाघ नदीच्या काठी आमचं मूळ गाव आहे. आमचा काठ मध्य प्रदेशात, पलीकडचा महाराष्ट्रात. गावाच्या टोकाला, नदीला लागून असलेली एक बांधी, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेलं धानाचं शेत, विकायला निघाली आणि मी ती घेतली. बालाघाटपासून समुद्र पूर्वेलाही लांब आणि पश्चिमेलाही लांब. किनाऱ्यावर राहायची हौस असलीच तर आमच्यासारख्याला नदीच आहे, आणि मला ती पुरते.

नोकरी भरवेलीला, मँगनीजच्या खाणीच्या कचेरीत झाली. दोरीवरचे कपडे झटकले की काळी धूळ उडायची, ती आम्ही इतकी वर्षं झटकत राहिलो. मुदतीआधी नोकरी सोडून बायको आणि मी इथे आलो. दोन खोल्या आणि ओसरी बांधली. उरलेल्या जागेत गवत वाढू दिलं. पाणी साचू नये म्हणून नदीच्या बाजूचा बांध थोडा फोडला. आणि काठावर सागाच्या बल्ल्यांचं मचाण उभारलं.

मचाण पाहून गाव हसलं. आमच्याकडे मचाण म्हणजे उभ्या पिकाची राखण.

"बाबूजी, डुकरं हाकलाले बांधलं का?" खालच्या बांधीवाल्याने विचारलं.

"नाही, बसाले."

"बसून राखता काय पण?"

"मले."

पटवारी आला तेव्हाही तेच. "फसल क्या लिखूँ?" म्हणाला. मी म्हटलं, "लिखो, दो आदमी." तो हसला आणि त्याने पडीक असं लिहिलं असावं.

पण ते दिवस मी कसे सांगू? हिवाळ्यात नदीवर धुकं असायचं आणि त्यातून आधी मासे धरणाऱ्या ढिवरांचं बोलणं ऐकू यायचं, मग पाण्यावर त्यांचा डोंगा दिसायचा. बायको त्यांच्याकडून काठावरच झिंगे घ्यायची. मचाणावर चढलं की फोन पलीकडचं टॉवर पकडायचा आणि महाराष्ट्रात आपले स्वागत आहे असा निरोप यायचा. बायको म्हणायची, "चला, आलो आपण गावाले जाऊन." दुपारी आम्ही झोपायचो. पन्नाशी ओलांडलेली दोन धडधाकट माणसं, दिवसाढवळ्या, आजूबाजूला सगळं शिवार कामाला लागलेलं असताना. मला लाज वाटायची. तरी मी झोपायचो.

लाज मुख्यतः दादाची वाटायची. बाबा गेल्यावर सगळी शेती माझ्या थोरल्या भावाने केली. मी महिन्याच्या पगाराचा माणूस झालो आणि तो चिखलातला राहिला. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं. मी ही बांधी घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला. नारळ घेऊन आला, चपला काढून आत उतरला, माती बोटांत चुरडली. "कन्हार आहे रे, मस्त काळी!" त्याला वाटलं, भाऊ शेतीत परत आला. मी तो समज मोडला नाही. दर वेळी तो विचारायचा, "काहून रे, यंदा तरी?" आणि मी म्हणायचो, "पाहू, दादा."

ते 'पाहू' मला भोवलं. गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलीकडे नागपूरला गेलो होतो. इकडे रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस. परत आलो तर फाटकापासून नदीपर्यंत धान.

गवत नाही, वाट नाही. चिखल केलेला, पाणी कोंडलेलं, आणि त्यात हिरव्या रोपांच्या ओळी. मचाणाचे चारही पाय पाण्यात उभे. फोडलेला बांध माती टाकून नीट बुजवलेला. बायको फाटकाशीच थांबली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला.

दादा संध्याकाळी आला. पाठ थोपटून घ्यायला आला नव्हता. चांगलं लागलंय ना, एवढंच पाहायला आला होता.

"पऱ्हे उरले होते," तो रोपांकडे हात करून म्हणाला. "ट्रॅक्टर उभाच होता. बाया म्हणाल्या, बाबूजीची बांधी सुनी काहून ठेवता? मले वाटलं, तुले मजूर भेटले नसतील."

"मजूर पाह्यलेच नव्हते, दादा."

"मंग पाहाले पाहिजे होते."

माझी बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही, आमच्यात ती रीत आहे. ती दारातून मला म्हणाली, "त्याईले सांगा, धान चांगलं आहे, पण जागा चुकली."

"तिले सांग," दादा मला म्हणाला, "धान कुठं लावलं तरी चुकत नाही."

"त्याईले सांगा, आमाले पाय ठेवाले जागा नाही राह्यली."

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. प्रश्न एका पिकाचा नव्हता. हे धान राहू दिलं तर त्याला खत लागेल, राखण लागेल, कापणी लागेल, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारणारही नाही. उरलेली वर्षं मी दादाच्या उपकाराच्या लाजेने शेती करत काढीन, तीही वाईट. मला हे आयुष्य हवं होतं की नको, ते त्या चिखलासमोर उभं राहून ठरवायचं होतं.

"दादा," मी म्हणालो, "हे मी काढतो."

त्याला आधी समजलंच नाही. मग म्हणाला, "हिरवं धान उपटशील?"

"फेकत नाही. खालच्या बांधीवाल्याचे पऱ्हे पुरात सडले आहेत. त्याले देऊ का? तुझे आहेत, म्हणून विचारून राह्यलो."

"तुह्या जमिनीत आहेत. तू पाह्य."

सकाळी मी पाण्यात उतरलो. पहिली जुडी उपटली. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढल्यासारखं वाटत होतं. पण दुसरी उपटली, तिसरी उपटली. थोड्या वेळाने बायको पदर खोचून उतरली. मग खालच्या बांधीवाला आपल्या घरच्या बायका घेऊन आला. हाच तो, मचाणाला हसणारा.

"बाबूजी, उलटा रोवणा करून राह्यले का?" एकीने विचारलं.

"हौ."

"मंग गाणं बी उलटंच म्हणा लागते!"

सगळ्या हसल्या आणि एकीने खरंच गाणं शेवटच्या ओळीपासून सुरू केलं. जुड्या डोक्यावर घेऊन त्या खाली नेत होत्या, तिथे लावत होत्या. धान मेलं नाही. हे मी अजूनही स्वतःला सांगतो.

बांधी रिकामी झाल्यावर मी फावडं घेऊन बांध पुन्हा फोडला. गढूळ पाणी खळखळत नदीत उतरलं. दादा बांधावर येऊन उभा होता, कधीपासून ते माहीत नाही.

"बाबा असते तर..." तो म्हणाला.

"बाबा असते तर त्याईलेही इथं बसवलं असतं मी. त्याईनं कधी बसून नदी पाह्यली? तू तरी पाह्यली का, दादा? जन्म गेला तुझा तिच्या काठी."

"मले टाइम कुठं आहे," दादा म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो माझ्या फाटकात आला नाही. दिवाळीला मी त्याच्या घरी गेलो. जेवू घातलं, वहिनीने करंज्या बांधून दिल्या, पण माझ्या घराचा विषय त्याने काढला नाही. मला अपराधी वाटतं. त्याच्या पायांच्या भेगा पाहिल्या की आणखी वाटतं. तसं वाटलं म्हणून काय जमीन परत चिखलात घालू? नाही घालणार. आमच्या घराण्यात कोणीतरी काठावर बसायला सुरुवात करायला हवी होती, ती मी केली.

यंदा रोवणीच्या तोंडावर दादाचा ट्रॅक्टरवाला आला. इंजिन बंद न करताच ओरडला, "बड़े भैया पुछवा रहे हैं, इस साल लगाना है क्या?"

मी मचाणावरून उतरून त्याच्याजवळ गेलो. दादाने विचारायला पाठवलं होतं. न विचारता ट्रॅक्टर पाठवला नव्हता.

"नहीं लगाना," मी म्हणालो.

"यही बोल दूँ?"

"हौ, यही."

"गुस्सा होंगे."

"होऊ दे. म्हणावं, गुस्सा इथं येऊन कर. बसाले जागा आहे."