ताडपत्रीआड

नव्वदच्या दशकात मी देवळाली कॅम्पला तोफखान्यात हवालदार होतो. माझ्याकडे लेसर रेंज फाइंडर होता. बटण दाबलं की न दिसणारा किरण सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि अंतर कळतं. तो डोळ्यात गेला तर डोळा गेलाच. म्हणून आमच्या तुकडीचा रिवाज होता. पुढे गेलेल्या माणसाने जाड ताडपत्रीआड जायचं आणि रेडिओवर म्हणायचं, "ताडपत्री." मगच आम्ही बटण दाबायचं.

त्या सकाळी निशाणाचा बोर्ड उभा करायला नाईक दत्तू जीप घेऊन पुढे गेला. सायखेड्याचा गडी, बोलायला लागला की थांबायचा नाही.

"ताडपत्री, उस्ताद. ओव्हर."

"लेझ!" कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला. मी बटण दाबलं.

लगेच रेडिओ खरखरला. "उस्ताद, जीपच्या काचेतून झकास दिसतंय की बोर्ड!"

"काचेतून? दत्तू, डोळे मिट!"

मी उतारावरून धावत सुटलो. आता हा चाचपडत बाहेर येईल, एवढंच डोळ्यांसमोर दिसत होतं. इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो.

दत्तू जीपमध्ये डोळे घट्ट मिटून बसला होता. "उघड," मी म्हणालो. त्याने उघडले. "मी दिसतो का?"

"दिसता की. लय घामेजलात." किरण सुटला तेव्हा तो तंबाखूची पुडी उचलायला वाकला होता. तंबाखूने भलं केलेला तेवढा एकच माणूस मला ठाऊक आहे.

"ताडपत्री का म्हणालास?"

"काच वारा अडवती, धूळ अडवती. म्हटलं, हेबी अडवल."

"काचेतून मी दिसतो ना? मग उजेड आत येतोच. हा किरणही तसाच येतो. डोळ्याचा पुढचा भागही काचेसारखाच. त्यातून आरपार जातो, मागच्या पडद्यावर अडतो, आणि जिथे अडतो तिथेच जाळतो."

दत्तूचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढे आमची तुकडी उत्तरेत बर्फाच्या डोंगरात गेली. आता लेसर दत्तूकडे होता आणि माझी चौकी त्याच्यासमोर, खालच्या अंगाला. शत्रूचे गोळे पडत होते. भीतीने मी चौकीबाहेर पडायचं टाळायचो, थंडीचं नाव सांगायचो. तशातही तो दर वेळी विचारायचा, "ताडपत्री, उस्ताद?" माझं उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

त्या दुपारी त्याने विचारलं. मी ताडपत्री ओढली. "ताडपत्री. ओव्हर."

त्याने अंतर सांगितलं. अचूक होतं. आमच्या तोफा सुटल्या, आणि त्याच वेळी त्याच्या चौकीवर गोळा पडला.

मला ते दिसलं नाही. मी ताडपत्रीआड होतो. अंधारात डोळे मिटून "दत्तू, ताडपत्री. ओव्हर," म्हणत राहिलो. बाहेर यायची हिंमत होत नव्हती.

माझे दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत. ते त्याने राखले.