जेवायचा हात

कौसाआत्याची भाकरी परातीत उलटी फिरायची. आई थापायची तेव्हा भाकरी जिकडून वळत जायची, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूनं आत्याची वळायची, कारण आत्या डाव्या हातानं थापायची. गोल तितकीच, पापुद्राही तसाच सुटायचा. तरी पाली गावातल्या आमच्या घरात नैवेद्याचं काही तिला कुणी करू देत नसे. माहेरपणाला आलेली ही बाई शेण काढायची, खुरपायला जायची, भांडी घासायची. सणाचा स्वयंपाक मात्र आई करायची. आत्याला त्याचं काही वाटत नसावं, असं मी कितीतरी वर्षं सोयीनं धरून चाललो होतो.

ती माझ्या वडिलांची, अप्पांची, धाकटी बहीण. दिली होती चकलांब्याला. उंच, काटक आणि बोलणं असं की बांधावरून हाक मारली तर विहिरीवरचा माणूस ओ देईल. विळ्याचे दाते उजव्या हाताच्या बेतानं पाडलेले असतात, म्हणून तिनं लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा करून घेतला होता. ज्वारी काढताना एखादी बाई चुकून तो उचलायची आणि दोन-चार धाटं कापून वैतागायची.

"काय बया, इळा हाय का काय ह्यो!"

"तुला आज कळलं व्हय?" आत्या हसायची. "मी निम्मा जलम तुमच्या इळ्यानं कापलं की."

सगळं डाव्यानं करणारी आत्या जेवायची मात्र उजव्या हातानं. लहानपणी तिचा डावा हात ताटाकडं गेला की त्यावर चापट बसे. ते काम आजीनं थोरल्या भावाला, म्हणजे अप्पांनाच नेमून दिलं होतं. तो राग आत्यानं धरला नव्हता. "जेवायचा हात दादानं दिला, कामाचा देवानं," ती म्हणायची. "दोघांचं बी मन राखलं मी."

करोनानंतरच्या उन्हाळ्यात अप्पांना लकवा मारला. बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय थोडे चालत होते, पण जीभ जड झाली होती आणि उजवा हात लोंबत होता. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हातानं जेवायची सवय लावा, आपल्या हातानं जेवले तर उभारी येईल. अप्पांनी मान हलवली. डावा हात धुवायचा हात. त्यानं अन्नाला शिवायचं नाही, असं ते जन्मभर मानत आलेले.

मग मी भरवू लागलो. माझं बीडला खता-बियाण्यांचं दुकान आहे. दुकान उघडायच्या घाईत मी एक घास गिळायच्या आत दुसरा पुढं करायचो. चार-पाच घासांनंतर अप्पा तोंड फिरवायचे. त्यांची भूक मेली, असं मी घरात सांगायचो. खरं सांगायचं तर त्यांनी तोंड फिरवलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. अप्पा वाळत चालले होते आणि मी स्वतःला सेवा करणारा मुलगा समजत होतो.

अशा एका सकाळी आत्या पिशवी घेऊन दारात उभी राहिली. थोडा वेळ नुसती बघत होती.

"इस्नू, लेकराला बी कुनी असं कोंबत न्हाई रं," ती म्हणाली आणि तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "दादा, डावा हात काढ."

अप्पांनी मान हलवली.

"कावून?"

"घाण... हात," अप्पा कसंबसं बोलले.

"मग धू की! घरात साबन न्हाई व्हय? आन् उजव्यानं तंबाखू मळली, बैलं झोडली, मला झोडलं. त्यो लई सोवळा?"

अप्पांच्या ओठाची चांगली बाजू हसली. हात मात्र निघाला नाही. त्या दिवशी तिनंच भरवलं, सावकाश.

दुसऱ्या दिवशी आत्यानं दोन ताटं वाढून आणली. अप्पांच्या शेजारी बसली, उजवा हात पदरात गुंडाळला आणि डाव्या हातानं स्वतः जेवायला लागली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. ज्या हातानं ती भरभर ज्वारी कापायची, त्या हाताला तोंडाची वाट सापडेना. भाकरी एका हातानं मोडताना निसटली, वरणात कालवलेला घास मनगटावरून ओघळला, कुसकरा लुगड्यावर सांडला.

"अगं बया, माझा बी इसरला की!" ती म्हणाली.

अप्पा तिच्या ओच्याकडं बघत होते. सांडलेलं अन्न उचलून खायची त्यांची जन्माची सवय. त्यांनी डावा हात लांब केला, भाकरीचा सांडलेला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. त्यांचं त्यांना कळलंही नसावं. मी काही बोलणार एवढ्यात आत्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग तिनं आणखी थोडं सांडलं. ते मुद्दाम होतं की हात खरंच चुकला, मला सांगता येणार नाही.

पावसाळाभर दोघं म्हातारी अशी शेजारी बसून जेवायला शिकली. अप्पांच्या अंगावर मांस दिसू लागलं. पण कुणी भेटायला आलं की त्यांचा हात थांबायचा. आणि तो थांबण्याआधीच मी उठून मधलं दार लोटून घ्यायचो.

"कावून लोटतो रं?" आत्यानं विचारलं.

"लोक बघतात, आत्या."

"बगू दे की. चोरीचं खातोय का त्यो?" मग आवाज उतरवून म्हणाली, "कोंडून खाल्लेलं अंगी लागत न्हाई, इस्नू. दादा चार मानसांत बसून जेवला पायजे. तवा त्यो बरा झाला म्हनायचा."

ज्वारीच्या पेरणीला ती चकलांब्याला परत गेली. जाताना मला बजावलं, "संक्रांतीला येते. तवर त्येला वसरीत बसव जेवायला." मी हो म्हणालो आणि बसवलं नाही. अप्पांना लाज वाटते, असं मी स्वतःला समजावत होतो. लाज मला वाटत होती.

संक्रांतीच्या आधीच आत्या झोपेत गेली.

तेराव्याला मी अप्पांना जीपनं चकलांब्याला नेलं. खिशात चमचा घेतला होता. पुरुषांची पंगत बसू लागली तेव्हा आत्याच्या मुलाला सांगून मी अप्पांचं पान आतल्या खोलीत मांडायला लावलं आणि त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"हितंच," म्हणाले.

पंगतीच्या मधोमध बसले. पान वाढलं गेलं. अप्पांनी डावा हात धुतला आणि पोळीला लावला. समोरच्या रांगेतलं बोलणं थांबलं. आत्याच्या जावयाकडचे एक पाहुणे न राहवून म्हणालेच, "अप्पा, त्यो हात..."

अप्पांनी घास आधी नीट गिळला. "कौसीनं... शिकवलंय," ते म्हणाले आणि पुन्हा पोळी मोडू लागले.

मी वरणाची बादली घेऊन तिथंच उभा होतो. अप्पांचा डावा कोपर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या उजव्या कोपराला सारखा लागत होता. म्हाताऱ्यानं एकदा वळून पाहिलं. मग आपलं पान उचललं आणि अप्पांच्या कोपराला जागा देत वीतभर सरकून बसला.