मागच्या सीटचं वजन

विनयने त्याची स्पोर्ट टूरर मोटरसायकल मला एक दिवसासाठी दिली. "पडून राहिली की खराब होते, फिरवून आण," म्हणाला. त्याची बायको मीरा जाऊन दोन वर्षं झाली. पूर्वी या गाडीवरून दोघं लांबलांब जायची.

राजापूरच्या पुढे सडा लागला, कातळाचं उघडं पठार. भर दुपार, चिटपाखरू नव्हतं. घाटात चपळ वाटलेली गाडी इथे सरळ रस्त्यावर इतकी शांत झाली, की हेल्मेटच्या काचेमागे मला माझाच श्वास ऐकू येत होता. फक्त मागचा भाग फार कडक होता. प्रत्येक खड्डा पाठीत बसायचा. थांबून पाहिलं, तर मागचं सस्पेन्शन दोन माणसांच्या वजनावर ठेवलेलं. विनयला फोन केला.

"हे एकट्यापुरतं सैल करू का रे?"

तो म्हणाला, "नको. मीसुद्धा कधी केलं नाही."

पुढे निघालो. गेलेल्या माणसाचे कपडे आपण देऊन टाकतो, फोटोला हार घालतो. त्याच्या वजनाचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. वळणावर मी गाडी कमी झुकवू लागलो. ब्रेक हलके दाबू लागलो. नकळत पुढे, पेट्रोलच्या टाकीकडे सरकून बसलो होतो. ऊन मागून येत होतं, तरी पाठ गार होती.

एका टपरीपाशी थांबलो. इंजिन बंद केलं, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि तसाच बसून राहिलो.

"उतरत का नाही, भाऊ?" टपरीवाल्या बाईने विचारलं.

मागे बसलेल्या माणसाने आधी उतरायचं असतं, हे तिला कसं सांगणार?