तिसरा गडी

काकी पत्ते पिसताना पत्त्यांकडे कधी बघत नसे. ती समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. बोटं आपली चालत राहायची आणि ती विचारायची, "काय रे, आज तोंड बारीक कित्याक? साहेब बोललो?" पानं वाटून होईपर्यंत तिला आमचा अख्खा आठवडा कळलेला असे.

ती माझी सख्खी काकी नव्हे. आमच्या पेडण्याकडच्या गावात सगळेच तिला काकी म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. मी डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात कारकून होतो, शेजारचा रोहिदास मुरगाव बंदरावर कामाला. दोघेही रविवारी घरी यायचो आणि जेवण झालं की काकीच्या सोप्यावर पाच-तीन-दोन मांडायचो. शिकायला एक डाव पुरेल इतका सोपा खेळ. तीन गडी, दहा-दहा पानं. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. ज्याचे हात कमी पडतील, त्याच्या हातातलं पान जास्त हात करणाऱ्याने पुढच्या डावात न बघता ओढायचं आणि बदल्यात आपलं एक द्यायचं.

बदल्यात सगळेच सत्ती-अठ्ठी देतात. काकी मात्र कधीकधी राजा देऊन टाकायची. रोहिदास म्हणायचा, "काकी, तू अशान हरतलंय." ती म्हणायची, "हरान. पण तू पुढल्या आयतारा येतलंय मा?"

चौथा कुणी बसायला आला तर ती त्याला चहा द्यायची, पानं द्यायची नाही. "दोघांचो खेळ म्हणजे झगडा, चौघांचो म्हणजे बाजार," असं तिचं म्हणणं.

मग गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, याचं आंदोलन आलं. मी मराठीच्या बाजूने सभांना जाऊ लागलो, घोषणा देऊ लागलो. रोहिदास कोकणीच्या बाजूचा. मला तेव्हा सगळंच शुद्ध करायची घाई झाली होती. काकी बदामाला जुन्या लोकांसारखं पोर्तुगीज वळणाने 'कोप' म्हणायची, तेही मी सुधारायला गेलो. पान माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "काळजासारखां दिसता मा? मग नाव खयचांय आसू."

एका रविवारी रोहिदासने मला डिवचलं. "तुजी आवय तुका जेवक मराठीत वाडता?"

"आनी तू पेपर खयच्या भाशेत वाचतंय?" मी म्हणालो.

तिथून आम्ही एकमेकांच्या बापापर्यंत गेलो. दोघेही घरच्या त्याच एका बोलीत भांडत होतो, हे मला आज दिसतं. तेव्हा मी पानं फेकली आणि उठलो. "हेच्या वांगडा मी परत बसचंय नाय."

काकी म्हणाली, "डाव तरी पुरो कर." मी केला नाही.

पुढे तिने एक युक्ती केली. माझ्या आईकडे निरोप ठेवला, की रोहिदास येणार नाही, तू ये. रोहिदासलाही तसाच निरोप, की मी येणार नाही. आम्ही दोघे एकाच वेळी तिच्या फाटकाशी पोचलो. सोप्यावर तिने पानं वाटून ठेवली होती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक वाट्यावर एकेक सुपारी. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली. रोहिदास मागे वळला. तो वळला म्हणून मीही वळलो. ती काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली ते ऐकायला मी थांबलो नाही, आणि ते आता मला कुणीच सांगू शकत नाही.

राजभाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं. मी लग्न करून डिचोलीला बिऱ्हाड केलं, आई-वडिलांनाही तिकडे नेलं. गावी जाणं जत्रेपुरतं उरलं. गेलो तर काकीला उभ्या उभ्या भेटायचो. तेव्हा सोबत बायकोमुलं असायची, निघायची घाई असायची. मनाशी म्हणायचो, रोहिदास गावातच येतो-जातो, तो बसत असेल तिच्यासोबत. या समजुतीवर मी बरीच वर्षं निर्धास्त झोपलो.

काकी गेल्याचं कळलं ते उशिरा. बाराव्याला पोचलो तर रोहिदास सोप्यावर बसलेला, केस पांढरे झालेले. इतक्या वर्षांनी काय बोलायचं? मी म्हणालो, "तू होतंस म्हणान बरां. तुजी तरी सोबत होती तिका."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? त्या दिसापासून मी हय बसाक नाय रे. माका वाटलां, तू तिच्या मर्जेतलो, तू येतंय."

तेवढ्यात शेजारची शाली पाणी घेऊन आली. शेवटपर्यंत तिनेच काकीचं केलं होतं.

"तुमची लय याद काडी," ती म्हणाली. "सांगी, दोगय पोर दर आयतारा येतत, पानां खेळतत. मी म्हणी, माका कदी दिसनत नाय ते. तर म्हणी, तू दुपारची निजलेली आसतंस, तुका कशे दिसतले?" शालीने तांब्या खाली ठेवला. "येत होतात मा तुमी?"

रोहिदासने खाली बघत तांब्या उचलला. "होय तर," तो म्हणाला. "दर आयतारा."

शालीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मगे बरां," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा करायला आत गेली.